मुकादमाची फणी

गणपती झाले की आमच्या सोसायटीत हस्तलिखित दिवाळी अंकाची गडबड सुरू होते. यंदा सेक्रेटरींची सून वर आली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात होतात ना? त्यातलं काहीतरी लिहा की. लोकांना मजा येईल." मी चहा केला, बिस्किटं पुढे ठेवली आणि जमणार नाही म्हणून सांगितलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शिवाय चार माणसं आपलं लिहिलेलं वाचणार म्हटलं की मला लिहवतच नाही. ती गेली, पण तिने डोक्यात घातलेलं काही जाईना. दोन दिवस भांडी घासताना मी मनातल्या मनात लिहीतच होते. शेवटी ही वही घेतली. ती अंकात जाणार नाही, कपाटात साड्यांखाली राहील. एकदा सगळं नीट लिहून झालं की डोकं मोकळं होईल.

मुलुंडला डॉक्टर सामंतांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं काम केलं. लागले ती झाडूपोछ्याला. डॉक्टर मुळात तबेल्यांचे. सकाळी म्हशी बघून यायचे, मग गुडघ्यापर्यंतचे बूट दाराबाहेर काढून दवाखाना उघडायचे. तिथे कुत्री, बकऱ्या, पोपट, एखादं माकडसुद्धा. कंपाउंडर पवार औषधं काढायचा आणि जनावरं धरायचा. मी कोपऱ्यात बादली घेऊन उभी असायची. येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलायची वेळ येऊ नये म्हणून मी फरशी दोनदा पुसायची.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जनावरांचा डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा. सुई कुणीही टोचेल. माणसाला डॉक्टरांनी आ करा म्हटलं की तो आ करतो. कुत्र्याला तुम्ही बरं करायला आलात की मारायला, हे कळत नाही. म्हणून आमच्या धंद्यात अर्धं काम धरण्याचं. एकदा पवार रजेवर असताना डॉक्टरांनी मला हाक मारली, आणि त्या दिवसापासून धरणं माझ्याकडे आलं. पवार जोर लावायचा. आपण जोर लावला की जनावरही लावतं. हात सैल ठेवायचा, पण जागचा हलू द्यायचा नाही. पोर कडेवर घेऊन आपण भाजी ढवळतो तेव्हा त्या कडेच्या हाताला काही सांगावं लागतं का? तसा हात.

एक बाई आपला पांढरा केसाळ कुत्रा घेऊन यायच्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "त्याच्याशी इंग्लिशमध्ये बोला हं. त्याला मराठी कळत नाही." मला तर मराठीतही बोलायचं नव्हतं. मी गप्प राहून त्याला धरलं. कान कापसाने साफ करून होईपर्यंत तो माझ्या कोपराखाली झोपून गेला. बाई डॉक्टरांना विचारत होत्या, "ह्या कुठे शिकल्या?" पवार म्हणाला, "चौथी पास आहेत, फॉरेनच्या." मला हसू आलं, पण मी पदर तोंडाला लावला.

मांजरं मात्र कमी यायची. तेव्हा मांजराला डॉक्टरकडे नेतं कोण? आजारी पडलं तर ते कुठेतरी जाऊन मरायचं, आणि घरातलं म्हणायचं, गेलं वाटतं. आणलंच तर पिशवीत कोंबून, आणि बहुतेक वेळा पिसवांसाठी. कारण पिसवा मांजराला चावून थांबत नाहीत, माणसांनाही चावतात.

पिसवांची गोष्ट अशी. मांजराच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीचं सगळं बिऱ्हाड गोधडीत, खाटेच्या सांध्यात, फरशीच्या फटीत असतं. नुसतं मांजर साफ केलं तर घरातल्या परत चढतात. नुसतं घर साफ केलं तर मांजर परत आणून पेरतं. दोन्ही एकदम करावं लागतं. पिसू दिसत नसेल तर मांजराच्या केसांतले काळे कण ओल्या कापसावर टाकायचे. कण लाल झाले की समजायचं, ती माती नाही, चावून काढलेलं रक्त आहे.

आणि तिसरी गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नव्हती. मांजर अंगावरचं सगळं खातं.

हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. दवाखान्याच्या मागे एका मांजरीने पिल्लं घातली होती. त्यातलं एक भुरं पिल्लू माझ्या पायात यायचं. पिसवांनी त्याच्या पोटावरचे केस गेले होते. डॉक्टर तबेल्यावर गेले होते. मला वाटलं, फिनेलने दवाखान्यातले सगळे जंतू मरतात, मग पिसवा का नाही मरणार? बादलीतल्या फिनेलच्या पाण्याने मी त्याला स्वच्छ आंघोळ घातली. पिसवा पटापट गळल्या. मला इतका आनंद झाला! ते उन्हात बसून अंग चाटत होतं आणि मी त्याच्याकडे बघत फडकी वाळत घालत होते. दुसऱ्या दिवशी ते थरथरत पडलं होतं, संध्याकाळी गेलं. डॉक्टरांनी वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि फक्त म्हणाले, "इंदूबाई, मांजराला टॉवेल नसतो. जीभच असते." पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता मुकादमाचं लिहिते. चौऱ्याऐंशी किंवा पंच्याऐंशी साल असेल.

एका मंगळवारी दिगंबर नावाचा एक तरुण माणूस तांदळाच्या गोणपाटात मांजर घेऊन आला. बरोबर त्याची आई. आमच्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर, टेकडीच्या पायथ्याला बैठी चाळ होती, तिथली ही माणसं. मूळची मालवणकडची. म्हातारीला सगळे आक्का म्हणायचे. मांजर आक्कांच्या यजमानांनी आणलेलं. त्यांची गिरणी बंद पडली त्या दिवशी ते डबा घेऊन घरी आले, त्या डब्याच्या पिशवीत गिरणीच्या आवारातलं हे पिल्लू. सकाळी उठून ते चाळीतल्या प्रत्येक दारासमोर थांबून आत डोकावायचं, म्हणून नाव मुकादम. यजमान पुढे दोन वर्षांत वारले. मुकादम मोठा करडा बोका झाला, एका कानाचा तुकडा गेलेला. आजवर त्याला यजमानांशिवाय कुणी हात लावला नव्हता. आक्कांनीसुद्धा नाही. त्या त्याला मच्छीची डोकी घालायच्या आणि लांबून बोलायच्या. गोणपाटातही तो मच्छीच्या डोक्यामागेच शिरला होता.

पवारने गोणपाटाचं तोंड सोडलं आणि मी धरायला पुढे व्हायच्या आत मुकादम औषधांच्या कपाटावर होता, टिंक्चरची बाटली खाली होती आणि पवार बोट धरून नाचत होता. डॉक्टरांनी कातडी हातमोजे चढवले. मुकादम हातमोज्यातून चावला. तीन वेळा धरायचा प्रयत्न झाला. शेवटी आक्कांनी दार उघडलं आणि तो त्यांच्या पायांवरून घराच्या दिशेने निघून गेला.

"डॉक्टर, माझे पाय बघा," दिगंबर म्हणाला आणि त्याने पँट वर केली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल पुरळ. "रविवारी बायको माहेराहून बाळाला घेऊन येतेय. सव्वा महिन्याची पोर आहे. तिचं असं झालं तर? तोपर्यंत पिसवा गेल्या तर ठीक, नाहीतर रविवारी पहाटे ह्याच गोणपाटात घालून मानखुर्दच्या खाडीकडे सोडून येणार."

आक्का दारातूनच म्हणाल्या, "माका पण थंयच सोडून ये."

"आई, झालं तुझं सुरू!"

"तुझ्या बापाशीन आणलेलो तो."

"म्हणून काय पोरीला फाडून खाऊ दे?"

दिगंबर वाईट नव्हता. तो बोलताना गोणपाटाकडे बघत नव्हता. डॉक्टरांनी मांजरासाठीची पिसवांची पावडर बांधून दिली आणि म्हणाले, "ह्याला इथे धरता येणार नाही. घरी जमलं तर बघा." त्याचा अर्थ दवाखान्यात सगळ्यांना कळतो. जमणार नाही, असा.

मी बादली खाली ठेवली आणि म्हटलं, "रविवारपर्यंत वेळ आहे ना? मी येते घरी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पवार बोटाला पट्टी बांधता बांधता म्हणाला, "डॉक्टर, इंदूबाई गिऱ्हाइकासमोर बोलल्या. कॅलेंडरवर खूण करा."

बुधवारी दुपारच्या सुट्टीत मी गेले. माझी नेहमीची रीत टॉवेलची. मांजरावर टॉवेल टाकायचा, पुरणपोळीत पुरण भरतो तसं चारी बाजूंनी मिटायचं, फक्त डोकं बाहेर ठेवायचं. शंभरातली नव्वद मांजरं टॉवेलात गप्प होतात. मुकादम दहातला. टॉवेल पडायच्या आत तो निसटला आणि जाताना माझ्या मनगटावर तीन रेघा ओढून गेला. शेजारची शेवंती दारात उभी राहून बघत होती. तिचं तोंड म्हणजे चाळीतला रेडिओ. "अगं बाई, त्याला पकडायला तू कशाला आलीस? त्याला यमसुद्धा अपॉइंटमेंट घेऊन भेटेल!"

गुरुवारी मी घराकडे वळले, कारण घर पळून जात नाही. आक्का आणि मी गोधड्या उकळत्या पाण्यात घातल्या, खाट उन्हात काढून तिच्या सांध्यांत उकळतं पाणी सोडलं, फरशीच्या फटी खराट्याच्या काडीने कोरून काढल्या. मुकादम जिथे झोपायचा त्या पोत्यावर पावडर टाकून ठेवली. तो आला, वास घेतला, आणि पोतं सोडून मोरीच्या कठड्यावर जाऊन झोपला. म्हणजे घर साफ आणि पिसवांची गाडी तशीच फिरतेय.

मी निघणार तेवढ्यात दिगंबर कामावरून आला. त्याच्या हातात कागदात बांधलेली पावडर होती. ढेकणांची. "कंपनीतला एकजण म्हणाला, ह्याने सगळं साफ होतं. तो मच्छी खायला बसला की वरून टाकतो. धरायलाच नको."

ही युक्ती तशी बरोबर होती. धरायला नको हेच तर हवं होतं. मला हो म्हणायचा मोह झाला नाही असं मी लिहिणार नाही. मग मला उन्हात अंग चाटणारं ते भुरं पिल्लू दिसलं.

"नको," मी म्हटलं. "तो चाटेल. मरेल."

"थोडीच टाकतो."

"मी पण थोडंच घातलं होतं." आणि मी त्याला फिनेलची गोष्ट सांगितली. उंबऱ्यात उभी राहून, शेवंतीच्या समोर, जी गोष्ट मी घरी आमच्या ह्यांनाही सांगितली नव्हती. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की शेवंती पुढे झुकून ऐकत होती.

दिगंबरने पुडी खिशात घातली. "शनिवार संध्याकाळपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "पुढे मला सांगू नका."

शुक्रवारी मी गेले तेव्हा माझ्याकडे नवीन काहीच नव्हतं. तोच टॉवेल, तीच पावडर. दुपारची जेवणं झाली होती. चाळीसमोरच्या लांब ओट्यावर बायका रांगेत बसल्या होत्या, एकीच्या पुढे एक, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. प्रत्येकीच्या हातात लाकडी फणी, आणि प्रत्येकीच्या पुढे दुसरीचे मोकळे केस. ह्या रांगा आता कुठे दिसत नाहीत. तेव्हा दर चाळीत दुपारी दोनला रांग लागायची. पोरांच्या डोक्यातल्या उवा आयांच्या डोक्यात यायच्या, म्हणून रोजचं काम. पण उवा हे निमित्त. ज्या दिवशी एकही ऊ सापडायची नाही, त्या दिवशीही रांग तेवढीच लांब असायची.

"ये गं," शेवंती म्हणाली. "बस. मुकादमाच्या पिसवा एव्हाना तुझ्याच डोक्यात आल्या असतील."

मी नको म्हणून मान हलवली. आमच्या चाळीतही मी कधी रांगेत बसले नव्हते. लग्न होऊन आले तेव्हा एक-दोनदा बोलावलं, मी लाजून आत गेले. मग त्यांनी बोलवायचं सोडलं. मी दार लोटून एकटीच विंचरायची. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता.

म्हणून मी खांबाशी उभी राहून बघत होते, आणि तेव्हा मला मुकादम दिसला. रांगेच्या पुढच्या टोकाला, ओट्यावरच, पंजांवर हनुवटी टेकून तो पडला होता. सगळ्यात पुढे बसलेल्या पोरीपासून एक हातावर! डोळे अर्धे मिटलेले. फणी कुणाच्या केसांतून सर्र गेली की त्याचा तुटका कान हलायचा.

"हा इथे रोज येतो?" मी आक्कांना विचारलं.

"रोज येता. हंय कोण तेका हात लावणा नाय ना, म्हणान बसता."

मी रांगेकडे बघत राहिले. सगळ्या एकमेकींना हात लावत होत्या, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं. प्रत्येकीची पाठ मागच्या बाईकडे. बोलायचं ते समोर बघून. आणि आम्ही? डॉक्टर, पवार, मी, सगळे मुकादमाच्या समोरून गेलो होतो, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, हातात काहीतरी धरून. मी असते तर मीही चावले असते.

मी ओट्यावर चढले आणि पुढच्या पोरीला म्हटलं, "मला इथे बसू देशील?" ती मागे सरकली. आक्का उठून माझ्या मागे आल्या. मी पुढे पाय सोडून बसले, पिसवा बुडवायला साबणाच्या पाण्याची वाटी उजवीकडे ठेवली, आक्कांची फणी हातात घेतली. माझ्या पुढे फक्त रिकामा ओटा.

"केस सोड गो," आक्का म्हणाल्या. "भियतस कित्याक?"

मी अंबाडा सोडला. आक्कांची बोटं माझ्या डोक्यात शिरली आणि माझे खांदे वर गेले, अगदी टेबलावरच्या मांजरासारखे. आक्कांचे हात थांबले नाहीत, घाईही करत नव्हते. सैल, पण जागचे न हलणारे. हळूहळू माझे खांदे खाली आले.

मुकादमाकडे बघायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. मी समोरच्या चाफ्याकडे बघत बसले. फणी वाटीच्या काठावर मधून मधून टेकवायची, टक् असा आवाज यायचा. बराच वेळ गेला. माझी सुट्टी संपत आली. आणि मग माझ्या पायाला काहीतरी घासून गेलं. मुकादम माझ्या दोन पायांच्या मधे आला, एक गिरकी घेतली, आणि माझ्याकडे पाठ करून बसला. रांगेत बसतात तसा.

मागे एकदम सगळं गप्प झालं. त्याचा कान मागे वळला. मी ओठ न हलवता म्हटलं, "बोलत राहा."

"काय बोलू?" शेवंती कुजबुजली. आयुष्यात पहिल्यांदा तिला सुचत नव्हतं.

"काहीही. नळाचं बोला."

"हां, नळ. ती चार नंबरवाली! सकाळी तिची बादली पहिली, तिच्या सासूची बादली दुसरी, आणि तिसऱ्या बादलीला म्हणते, ही पाहुण्यांची आहे. अगं, पाहुणे कुठायत? बादलीच पाहुणी!" रांग हसली, आणि त्या हसण्यात मी फणी त्याच्या मानेला लावली.

पाठीच्या कातडीला एक झटका बसला. मी फणी काढली नाही, पुढेही नेली नाही. झटका विरला. मग एक बोटभर खाली ओढली, वाटीत बुडवली. दोन पिसवा पाण्यात फिरायला लागल्या. पुन्हा. पुन्हा. मानेपासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून कमरेपर्यंत. वाटीतलं पाणी तांबूस झालं. शेवटी त्याने हनुवटी वर केली आणि गळा पुढे केला. आक्कांची बोटं माझ्या केसांत थांबली. त्या रडत होत्या हे मला मागे न बघता कळलं, कारण माझ्या मानेवर एक गरम थेंब पडला.

"बोल गो शेवंती," त्या म्हणाल्या. "थांबा नको."

त्या दिवशी मी दवाखान्यात अर्धा तास उशिरा पोचले, केस मोकळेच.

शनिवारी पावडर लावायची होती. फणीने पिसवा निघतात, पण सगळ्या नाही. प्रश्न तोच, मांजर अंगावरचं खातं. मी डॉक्टरांना विचारलं, "जीभ कुठे पोचत नाही?" ते हसले, स्वतःच्या मानेमागे बोट ठेवून म्हणाले, "इथे." चिमूटभर पावडर तळहातावर घेऊन ती फणीच्या दातांनी तिथेच, दोन कानांच्या मागे, केसांच्या मुळाशी उतरवायची. वरची जास्तीची ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. आता पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब मिळतात. पुडक्यावर मांजराचं चित्र आणि मानेशी बाण असतो. भाचीच्या घरी तो बाण बघितला तेव्हा मी तिला म्हटलं, ही जागा मला माहीत आहे.

मुकादम आला, बसला. मी दहा-बारा वेळा नुसती फणी फिरवली, मग पावडरची. त्याला फरक कळला. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी चाफ्याकडे बघत राहिले. तो पुन्हा समोर वळला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर सामंत येऊन उभे राहिले. तबेल्यावर दुपारी बोलावणं आलं होतं, तिथून सरळ आले होते, बूट शेणाने भरलेले. मी मान वळवली नाही, पण शेवंतीने पाहिलं. "या डॉक्टर, बसा रांगेत!" डॉक्टरांना टक्कल होतं. शेवंती रांगेला म्हणाली, "ह्यांना कशाला फणी? ह्यांच्यावर पिसू चढली तर घसरून पडेल." डॉक्टर तोंडावर हात धरून हसले, पुढे मात्र आले नाहीत. हातमोजे त्यांच्या खिशात होते. ते तिथेच राहिले.

सोमवारपासून दवाखान्यात मांजर आलं की डॉक्टर म्हणायचे, "टेबलावर नको. इंदूबाईंकडे द्या." मागच्या पडवीत एक पाट, एक वाटी आणि एक फणी माझ्यासाठी ठेवली गेली. किती मांजरं तिथे माझ्याकडे पाठ करून बसली, ते मला सांगता येणार नाही. सगळी बसली नाहीत. पण हातमोजे मी पुन्हा लागू दिले नाहीत.

पण सांगता सांगता मी पुढे गेले. शनिवारची संध्याकाळ राहिली.

परीक्षेची रीत डॉक्टरांनीच सांगितली होती. पांढरे मोजे घालून खोलीभर फिरायचं. घरात पिसू असेल तर ती मोज्यावर उडी मारते आणि पांढऱ्यावर लगेच दिसते. दिगंबरने ट्रंकेतून लग्नातले पांढरे मोजे काढले. चाळ दारात जमली. तो खोलीत फेऱ्या घालत होता, खाटेखाली पाय घालत होता, कोपऱ्यांत थांबत होता. शेवंती म्हणाली, "नवरदेव, हळू. सप्तपदी झालीय तुझी." कुणी हसलं नाही. आक्का देवाच्या फोटोकडे तोंड करून बसल्या होत्या.

तो उजेडात आला आणि वाकला. डाव्या मोज्यावर एक काळा ठिपका होता.

दिगंबरने तो चिमटीत धरला आणि नखावर चिरडला. आक्कांनी मागे बघितलं नाही. मी म्हटलं, "फटीतली अंडी अजून फुटतायत. उरलेल्या एकदोन निघतीलच. मुकादमावर औषध आहे, चढली की मरेल." एवढ्या खात्रीने मी त्याआधी कुणाशी बोलले नव्हते.

तो मोज्यांकडे बघत राहिला. "मंगळवारी किती चढल्या असत्या?" त्याने विचारलं.

"मोजे काळे दिसले असते."

"उद्या सकाळी परत फिरतो," तो म्हणाला. आक्कांनी मग गरम पाण्याचं पातेलं पुन्हा चढवलं, आणि आम्ही दोघींनी फरशीची एकेक फट परत धुतली.

रविवारी मला सुट्टी होती. तरी मी सकाळी गेले. दिगंबर पांढऱ्या मोज्यांनी ओट्यावर उभा होता. मला बघून त्याने एक पाय वर केला, मग दुसरा. दोन्ही स्वच्छ. "अर्धा तास फिरलो," तो म्हणाला. "आईने खाटेवर पण उभं केलं मला."

दहाच्या सुमारास रिक्षा आली. दिगंबरची बायको सुलभा बाळाला छातीशी धरून उतरली. आक्कांनी भाकरतुकडा ओवाळून दोन्ही बाजूंना टाकला. मुकादम कठड्यावरून उतरला, भाकरीच्या तुकड्याचा वास घेतला, मच्छी नाही म्हणून सोडून दिला, आणि नेहमीसारखा प्रत्येक दारासमोर थांबत चाळीच्या टोकाला गेला. सुलभा त्याच्याकडे बघत होती. तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, ह्याला नेणार होतात ना तुम्ही?"

दिगंबरने तिच्या हातातून बाळाला घेतलं. तो म्हणाला, "दुपारी बघ."

दुपारी दोनला रांग लागली. बाळ पाळण्यात झोपलं होतं. आक्कांनी सुनेला पुढ्यात घेतलं, मी सुनेच्या पुढे बसले. सुलभाची बोटं माझ्या केसांत घाबरत आली. "चावणार नाही ना तो?" तिने विचारलं. "समोरून गेलं नाही तर नाही," मी म्हटलं. मुकादम आला, गिरकी घेतली, माझ्याकडे पाठ करून बसला. फणी चालू झाली. वाटीत त्या दिवशी एकच पिसू पडली, तीही मेलेली.

दिगंबर दारात उभा राहून बघत होता. मग तो आत गेला आणि मंगळवारचं ते तांदळाचं गोणपाट घेऊन बाहेर आला. आक्कांचा हात सुनेच्या डोक्यावर थांबला. दिगंबरने ते जोरात झटकलं, चौपट घडी केली आणि रांगेच्या अगदी पुढे, मुकादमाच्या समोर अंथरलं.

"ओटा तापतो त्याला," तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

मुकादमाने गोणपाटाचा वास घेतला. मग उठून त्याच्या शेजारी, तापलेल्या ओट्यावरच बसला. दिगंबरसकट सगळी रांग हसली, आणि त्या हसण्यात मी पुढची ओढ ओढली.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी आमच्या चाळीत घराचं दार उघडं ठेवलं, फणी घेतली आणि बाहेर जाऊन रांगेत सगळ्यात पुढे पाठ करून बसले. मागची बाई कोण होती ते मी बघितलं नाही. तिने विचारलं, "तेल लावू?" मी म्हटलं, लाव.